काळ्या थारवरची लाल राड

प्रश्न : सर, नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहतो. गेल्या वर्षी काळ्या रंगाची थार घेतली. पावसाळ्यात रोज उसाच्या रानापर्यंत जाते. जुलैत मित्रांबरोबर आंबोली-चौकुळकडे जाऊन आलो आणि परत येईपर्यंत गाडी काचांपर्यंत चिखलाने लाल झाली. रात्री उशीर झाला म्हणून तशीच ठेवली. सकाळी शेतावरच्या गड्याने बादली आणि गोणपाट घेऊन घासूनपुसून काढली. राहिलेली राड काढायला वॉशिंग सेंटरला नेली, तिथे पाण्याची प्रेशर गन अगदी जवळून मारली, दारावरच्या स्टिकरची कड उचलली गेली. आता उन्हात बॉनेटवर बारीक गोल-गोल रेघांचं जाळं दिसतं. शिवाय ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. वॉशिंगवाला म्हणतो, रबिंग (मशीनने घासून पॉलिश) करून घ्या आणि खालून डिझेल मारून घ्या. वडील म्हणतात, चिखल ओला असतानाच काढायचा. मित्र म्हणतो, वाळू दे, आपोआप गळतो. काही जण तर सरळ नदीत गाडी घालतात. कोणाचं ऐकू?

उत्तर : नमस्कार.

तुमच्या बॉनेटवरचं जाळं गोणपाटाने विणलंय. चिखलाचा त्यात एवढाच हात, की तो मधे सापडला. वाळलेली राड पत्र्यावर चार दिवस नुसती बसून राहिली, तर तिने ओरखडा उठत नाही. तो उठायला कुणीतरी ती राड दाबून सरकवावी लागते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे. चिखल पाण्याने सुटू द्यायचा आणि तो सुटल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही. गड्यावर मात्र रागावू नका. घासून काढ म्हटल्यावर त्याने घासून काढली.

रंगाचं गणित आधी सांगतो, म्हणजे एवढी काळजी कशाला, ते पटेल. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडी भरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला वरचा थर, ज्याला पेंटर क्लिअर कोट म्हणतात, तो ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी झिलई केसाहून पातळ थरावर उभी आहे. रस्त्याच्या चिखलात वाळू असते, वाळूत क्वार्ट्झचे कण असतात आणि कठीणपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर बसतो. साधी काच साडेपाचच्या आसपास. जो कण काचेवर रेघ ओढू शकतो, त्याच्यापुढे क्लिअर कोटचं काय चालणार? पांढऱ्या गाड्यांवरही असे ओरखडे असतातच, फक्त तिथे ते लपतात. काळा रंग काही लपवत नाही.

आता वडील आणि मित्र. दोघंही अर्धे बरोबर आहेत. त्याचं कारण असं, की तुमच्या गाडीवर दोन वेगळ्या जातीचे चिखल बसतात आणि दोघांचं वागणं वेगळं आहे.

आंबोलीकडची लाल राड ही जांभ्याची माती. तिच्यात लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात, लाल रंग लोहाचा. ती पाण्याने चटकन सुटते, पण वाळली की बारीक भुकटी होऊन प्लॅस्टिकच्या खरखरीत पोतात, दारा-काचांच्या रबरी पट्ट्यांमध्ये, सीटच्या शिवणीत शिरून बसते आणि डाग सोडते. शिवाय त्या मातीत लोहाचे कडक बारीक खडे असतात. त्यामुळे या राडीच्या बाबतीत वडिलांचं ऐका. परतल्यावर रात्र झाली तरी शॅम्पू, कापड काही न घेता नुसत्या होजपाईपने दहा मिनिटं पाणी सोडा आणि झोपा. उरलेलं सकाळी.

तुमच्या रानातली काळी माती फुगणारी आहे. उन्हाळ्यात जमिनीला ज्या भेगा पडतात, त्याच कारणाने मडगार्डवरचा जाड थर वाळताना आकसतो, तडकतो आणि त्याची ढेकळं सुटून पडतात. मित्र बहुधा हेच पाहून बोलतोय. पण ढेकूळ गळल्यावर खाली पातळ राखाडी पापुद्रा राहतो. तो पाहून माणसाचा हात हमखास खिशातल्या रुमालाकडे जातो आणि तिथेच घात होतो. दुसरी अडचण अशी, की ही माती वरून भिजली की फुगून घट्ट होते आणि आतल्या थराला पाणी पोचू देत नाही. म्हणून पाच मिनिटं पाणी मारून ती निघत नाही आणि लोक घासायला लागतात. तिला एकदम भरपूर पाणी देऊन उपयोग नाही. थोडं थोडं, थांबून थांबून द्यावं लागतं.

यासाठी लागणारी साधनं तुमच्या गोठ्यात आधीच असतील. पाठीवरचा फवारणीचा पंप घ्या, साधारण १६ लिटरचा. मात्र तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेला पंप अजिबात नको. गाडीसाठी वेगळा पंप ठेवा आणि तो पुन्हा पिकावर नेऊ नका. त्यात साधं पाणी आणि बुचभर गाडीचा शॅम्पू घालून खालून वरपर्यंत सगळी गाडी बारीक फवाऱ्याने ओली करा. दहा मिनिटं थांबा. पुन्हा ओली करा. काळी माती वाळलेली असेल, तर हा फेरा तिसऱ्यांदाही करावा लागेल. गाडी सावलीत हवी, बॉनेट हाताला गार लागायला हवं आणि मधल्या वेळात फवारा पत्र्यावर वाळता कामा नये. हे करताना चहा प्या, फोन करा, काहीही करा, फक्त हात लावू नका.

मग मोटरीचा पाईप. शेतातल्या मोटरीच्या पाण्याला दोन-तीन बारचाच दाब असतो, पण मिनिटाला शंभरावर लिटर पाणी येतं. वॉशिंग सेंटरची गन १०० बारच्या पुढे दाब देते आणि पाणी मिनिटाला दहा लिटरच्या आगेमागे. रंगावरचा भिजलेला चिखल वाहून न्यायला तुमच्या मोटरीचं पाणी जास्त कामाचं आहे. वरून खाली, टपापासून सुरुवात करून नुसतं वाहू द्या. पाणी उसातच जाईल अशी जागा बघा. शॅम्पूचा फेस मात्र विहिरीच्या किंवा पाटाच्या बाजूला उतरू देऊ नका.

गन वाईटच, असं माझं म्हणणं नाही. चाकाच्या कमानीत, चेसिसच्या खालच्या अंगाला तिच्याशिवाय जमत नाही. पण रंगावर मारताना धार पंख्यासारखी पसरलेली हवी. नोझल रंगावरून ओळखायची असतील तर पांढरं ४० अंशांचं आणि हिरवं २५ अंशांचं. लाल नोझल म्हणजे शून्य अंश, एका ठिपक्यावर सगळा दाब. ते गाडीच्या अंगाला लावूच नये. बऱ्याच सेंटरांत गनचं टोक फिरवून धार बदलता येते, तेव्हा गाडी आत घेण्याआधीच सांगून ठेवा. अंतर दीड-दोन फूट. स्टिकरवर समोरून, सरळ मारावं. कडेवर तिरकी धार बसली की ती सुरीसारखी खाली घुसते, तुमच्या दारावर तेच झालं. उचललेली कड हेअर ड्रायरने किंचित गरम करून दाबून बसते का बघा. खाली माती गेली असेल, तर मात्र पट्टा काढून नवा लावणं बरं.

गन कुठे मारू नये, याची यादी लांब आहे. मोठी नुकसानं सांगतो. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या जाळीतल्या पातळ धातूच्या पट्ट्या जवळून आलेल्या धारेने लोळतात आणि मग हवा जायची वाट बंद. तिथे हलक्या पाण्याने, शक्य तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला धुवायचं म्हणजे चिखल आला त्या वाटेने परत जातो. ही जाळी काळ्या मातीने लिंपलेली राहिली, तर पुढच्या घाटात इंजिन तापेल आणि तुम्ही कूलंटला दोष द्याल. चाकाच्या बेअरिंगचे सील, ॲक्सलचे रबरी बूट, वायरिंगचे जोड, बॉनेटखालचा फ्यूज बॉक्स, टायरची बाजूची भिंत, यांनाही जवळची गन नको. आणि ताप उतरल्याशिवाय ब्रेकच्या डिस्कवर किंवा सायलेन्सरवर गार पाणी मारू नका.

हाताने धुणं आता उरलंच किती? दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात पिळायचा, मग परत शॅम्पू. टप, काचा, बॉनेट आधी, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. त्या खालच्या भागाला वेगळा मोजा. हातमोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. धुण्याची पावडर आणि भांड्यांचा साबण वापरू नका. पावडरीत सोडा असतो. रंगावरचं मेण निघून जातं आणि काळं प्लॅस्टिक पांढरट पडतं. अलॉय चाकांवर टॉयलेटचं ॲसिड ओतणारी माणसंही मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलणार. पुसायला मोठा मायक्रोफायबर टॉवेल घ्या. घासू नका, अंथरा आणि उचला. बोअरचं पाणी असेल तर हे काम लगेच करा, नाहीतर क्षारांचे गोल डाग राहतात.

हात लावण्याआधी एक परीक्षा करा. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून ओल्या पत्र्यावरून बोटं अलगद फिरवा. नुसत्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. करकर लागली तर कण अजून तिथेच आहेत, परत पाणी.

काचांकडे कुणी लक्ष देत नाही. दारांना चिखल असताना काच खाली करू नका. ती उतरताना रबरी पट्टीत अडकलेली वाळू काचेवर आणि फिल्मवर उभ्या रेघा मारते, त्या मग सहजासहजी जात नाहीत. समोरच्या काचेवर राड उडाली की लोक पहिल्यांदा वायपर चालवतात. आधी भरपूर पाणी, मग वायपर. गाडीत दोन-तीन लिटरची बाटली याच कामासाठी असू द्या. हेडलाइट तर काचेचे नसतातच, पॉलिकार्बोनेटचे असतात आणि काचेहून कितीतरी मऊ. त्यांच्यावर कोरडं फडकं फिरलं, की पुढच्या पावसाळ्यात रात्रीचा उजेड धुरकट झाल्याची तक्रार येणार.

आता स्टिअरिंग. तुम्ही ते पत्रात जाता जाता लिहिलंत, मी ते पहिलं घेतलं असतं. बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी चाकाच्या आतल्या अंगाला हात घालून बघा. बाहेरून अलॉय चकाचक आणि आत रिमच्या खोबणीत वाळलेला चिखल एका बाजूला थापलेला, असं फार वेळा असतं. बॅलन्सिंगची वजनं पाच-पाच ग्रॅमच्या हिशेबात लावतात. तिथे दोनशे ग्रॅमचं ढेकूळ एकीकडे बसलं तर चाक थरथरणारच. ते भिजवून, लाकडी पट्टीने काढा आणि गाडी चालवून बघा. तरी थरथर राहिली, तर जवळून मारलेल्या गनने रिमला चिकटवलेलं वजन उडालंय का ते तपासा. मग बॅलन्सिंग.

खालच्या अंगाचं खरं नुकसान दिसत नाही, म्हणून ते होतं. बॉनेटवरचे ओरखडे फक्त मनाला लागतात. चेसिसच्या पोकळीत, कमानीच्या आतल्या काठावर, दारांच्या तळाच्या शिवणीत बसलेला चिखल आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवतो आणि दगड लागून जिथे रंग उडालाय, तिथे गंज धरतो. दारांच्या तळाला पाणी निथळायची छोटी भोकं असतात. ती मातीने बुजली की दारात पाणी साचतं. प्लॅस्टिकची केबल टाय घालून मोकळी करा, तार नको. सायलेन्सरवर चिखलात गुंतलेलं पाचट किंवा वाळलेलं गवत असेल, तर ते आधी काढा. उसाच्या रानात फिरणाऱ्या गाडीला हे विसरून चालत नाही, तापलेल्या सायलेन्सरवर ते पेट घेऊ शकतं.

तीन दारांच्या थारला मागे ड्रम ब्रेक आहेत. ड्रममध्ये राड शिरली तर ती धुऊन निघत नाही, लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी) आणि ड्रम दोघांनाही खाते. ब्रेक दाबल्यावर मागून खरखर येत असेल तर ड्रम उघडून साफ करून घ्या. धुतल्यावर एक-दोन किलोमीटर हलका ब्रेक धरत चालवा म्हणजे लायनर वाळतात. त्या रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. ओले लायनर ड्रमला चिकटतात.

डिझेल मारून घेऊ नका. काही दिवस खालचा भाग काळा, चकचकीत दिसतो, म्हणून लोकांना ते आवडतं. पण सस्पेन्शनच्या जोडांतले नैसर्गिक रबराचे बुश डिझेलने फुगतात आणि मऊ पडतात, तेलकट पत्र्यावर धूळ जाड थराने बसते आणि फवारा लायनरवर गेला तर ब्रेकची पकड जाते. गंजाची भीती असेल तर पावसाळ्याआधी, गाडी खालून धुऊन पूर्ण वाळवून, मेणाच्या जातीचं अँटीरस्ट चेसिसच्या पोकळ्यांत मारून घ्या. आता भर पावसात, अर्धवट ओल्या चेसिसवर डांबरासारखा जाड थर कुणी मारायला लागला तर थांबवा. ओल आतच कोंडली जाते आणि गंज झाकून वाढतो.

रबिंगही आत्ता नको. नखाचं टोक ओरखड्यावर आडवं फिरवा. नख अडकलं नाही, तर ओरखडा वरच्या थरातच आहे आणि पॉलिशने जाईल. नख अडकलं तिथे रबिंगचा उपयोग नाही, तिथे पेंटर लागेल. पण प्रत्येक रबिंग त्या ४०-५० मायक्रॉनमधूनच काही मायक्रॉन कापून नेतं आणि तो थर परत वाढत नाही. ऑगस्टमध्ये घासून घेतलंत आणि सप्टेंबरात परत राडीत गेलात तर ते वाया. दिवाळीच्या सुमाराला, रस्ते सुकल्यावर, एकदाच करा, तेही जाडी मापायचं यंत्र ठेवणाऱ्या माणसाकडून. आधी आणि नंतर किती मायक्रॉन होते ते विचारा. जो आकडा सांगू शकत नाही, त्याच्या हातात मशीन देऊ नका. सिरॅमिक कोटिंगवालेही तुम्हाला गाठतील. तो थर मायक्रॉनच्या आसपासचा असतो. चिखल त्यावरून सहज निसटतो हे खरं, पण गोणपाटापुढे तोही टिकत नाही. पैसे घालायचेच असतील तर दारांचा खालचा भाग आणि चाकांमागची जागा एवढ्यालाच जाड पारदर्शक फिल्म लावा. मात्र तिच्या कडांवरही गन तिरकी नको.

नदीत गाडी घालणारे मित्र राहिले. कृष्णा-कोयनेच्या काठावर राहून शॅम्पू, ग्रीस आणि डिझेल नदीत सोडायचं हे मनाला पटत नाही, आणि पाणी प्रदूषणाचा १९७४ चा कायदाही त्याला मनाई करतो. मनाचं आणि कायद्याचं बाजूला ठेवलं तरी गाडीसाठी ते घातकच. चालून आलेल्या गाडीचं डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला तेलात फिरणाऱ्या गिअरांचा डबा, गरम असतं. ते थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आतबाहेर जायची नळी) किंवा सील कमजोर असेल तर तिथून पाणी आत ओढलं जातं. आंबोलीच्या वाटेवर तुम्ही ओढे ओलांडले असतील तर हेच नकळत झालेलं असू शकतं. पुढच्या आठवड्यात गॅरेजला गेलात की पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघायला सांगा. ते दुधाळ, पांढरट निघालं तर दोन्हींचं तेल बदला, ब्रीदरच्या नळ्या साफ करा आणि मगच पुढच्या ट्रिपची तारीख ठरवा.